पंख्याचं बटन

राघोच्या जीपचा इंजिन गार ठेवणारा पंखा बदलला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी बकुळाला ठाण्याच्या इस्पितळात नर्स म्हणून हजर व्हायचं होतं. हजर होण्याचा तो शेवटचा दिवस. अकराच्या आत सही झाली नाही, तर लेकीची जागा दुसरीला जाणार होती.

जुना पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा आणि गाडीची ताकद खायचा, असं दामू मिस्त्रीचं म्हणणं. त्याने तो काढून बॅटरीवर चालणारा बसवला. चालू-बंद करायला त्याच्याकडे घरातल्या पंख्याचं काळं बटन होतं, तेच स्टिअरिंगशेजारी ठोकलं. "इंजिन तापलेलं आसंल तवर बटनाला हात लावायचा न्हाय," त्याने राघोला बजावलं. राघोला बजावलं, त्याच्या बायकोला, कमळाबाईला नाही.

सकाळी राहनाळहून तिघं निघाली. कमळाबाई नवऱ्याशेजारी, बकुळा मागे कागदांची पिशवी छातीशी धरून. वाटेत पंपावर राघो पेट्रोल भरायला उतरला. इंजिन बंद झालं तरी पंखा घुंऽऽ करतच होता. माणूस उठला की पंखा बंद, हा कमळाबाईचा जन्माचा नेम. तिचा हात आपोआप बटनावर गेला.

गाडी पळत होती तोवर समोरचा वारा इंजिनला पुरला. कशेळीच्या पुलाआधी ट्रकांची रांग लागली आणि बॉनेटखालून पांढरे लोट निघाले.

"बाबा, धूर!"

"धूर न्हाय, वाफ हाय," राघो म्हणाला, जणू त्याने काही बरं होणार होतं.

"चांगला फिरता पंखा भंगारात दिला," कमळाबाई सुरू झाली. "उद्या दामू चाकं काढ म्हनंल, ती पन काढा!"

राघोने बॉनेट उघडलं. "आगं, पंखाच फिरत न्हाय! दाम्यानं बुडवलं."

"फिरंल कसा? मी बंद केलाय."

"कवा?"

"पंपावर. तुमी उतरला, तो आपला चालूच. मला वारा लागंना, पोरीला लागंना. कोन बसलं होतं वारा खायला?"

"इंजिन! तापलेलं आसंल तवर बटनाला हात लावायचा न्हाय!"

मागचा ट्रकवाला ओरडला, "चाचा, गाडी साइड में लो, घर जाके लड़ना!"

तिघांनी मिळून जीप कडेला ढकलली. "भांडण मागनं करा," बकुळा म्हणाली. "पेशंट तापलाय, आधी वारा घाला."

राघोने बटन दाबलं. इंजिन बंद असूनही पंखा फिरू लागला. जुना असता तर इंजिनबरोबर तोही गप्प बसला असता. हे राघोच्या जिभेवर आलं होतं, पण बायकोचं तोंड बघून त्याने ते गिळलं. वाफ बसल्यावर त्याने फडकं धरून रेडिएटरचं झाकण सोडलं आणि प्यायला आणलेलं सगळं पाणी ओतलं. जीप निघाली. कमळाबाई पुढचा सगळा रस्ता दोन्ही हात मांडीखाली घालून बसली.

अकराला थोडं कमी असताना बकुळा इस्पितळात पळाली. बाहेर आली ती हसतच. "झाली सही! उद्यापासून ड्युटी."

राघो जीपला टेकून मोकळा श्वास घेत राहिला. कमळाबाईने डोळ्यांना पदर लावला. "दामूला जेवायला बोलवा," ती म्हणाली.

दुपारी घराचं कुलूप काढलं. आत रिकाम्या खाटेवर पंखा सकाळपासून गरगर फिरत होता.

राघोने बायकोकडे पाहिलं. "कोन बसलं होतं वारा खायला?"

कमळाबाई सरळ जाऊन खाटेवर बसली.

"मी बसले. आन् तापलेली हाय तवर बटनाला हात लावायचा न्हाय!"