पोचला न्हवं?

पुतण्याच्या लग्नात मगदूमअण्णांनी आमच्या साहेबांना जेवून हात धुताना गाठलं आणि विचारलं, "साहेब, पत्रिका पोचली न्हवं?"

साहेबांच्या मिशीला अजून बासुंदी होती.

ती थट्टा नव्हती. अण्णांना खरंच भीती वाटायची. पेटीत पत्र टाकलं की ते पेटीला दोन थापा मारायचे. डब्यातली भाकरी माझ्या हातात दिल्यावरही "आली का?" म्हणून विचारायचे. शिरोळकडचे, घरात निम्मं कानडी बोलणारे, दणदणीत आवाजाचे हे गृहस्थ कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचे.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. आमचं काम निरोप्याचं. शिरोलीतल्या फौंड्र्या, म्हणजे लोखंड वितळवून ओतणारे कारखाने, त्यांना भंगार पुरवणारे, त्यांच्याकडून माल घेणारे. एकाच्या संगणकातला निरोप दुसऱ्याच्या संगणकाला पोचवायचा. आधी प्रत्येक निरोपाचा पत्ता प्रोग्राममध्येच पक्का लिहिलेला असे. मी ते बदललं. निरोप आला की त्यातला मालाच्या खेपेचा लॉट नंबर वाचायचा, तो माल कुणी घेतलाय ते तक्त्यात बघायचं, आणि पत्ता तिथल्या तिथं ठरवून निरोप इंटरनेटवरून सोडायचा. कुणाचा पत्ता बदलला तर तक्त्यातली एक ओळ बदलायची, बास. मला त्याचा फार अभिमान होता.

अण्णांना घाम फुटला. "अय्यो देसाई, म्हंजे पोरगी बघायला निघायचं आणि गाव कुठलं ते एसटीत बसल्यावर ठरवायचं?"

तेव्हापासून निरोप सुटला रे सुटला की ते फोन उचलत. "पावणं, पोचला न्हवं?" पलीकडे शिरोलीच्या एका फौंड्रीतला भट्टीवाला दत्तू असला की फोन लांबायचा. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. मी वैतागायचो. "अण्णा, फोनच करायचा तर प्रोग्राम कशाला लिहिला?"

"गेला म्हंजे पोचला असं न्हवं की!"

शेवटी मी उपाय काढला. समोरच्या यंत्रानं निरोप घेतला की आपोआप पोच यायची. स्क्रीनवर हिरवी खूण. मग साहेबांच्या कानावर घातलं, की आता फोनची गरज नाही. साहेबांनी फोनला कुलूप लावलं. अण्णा नुसते हिरव्या खुणांकडे बघत बसायचे. मला वाटलं, सुधारले.

महिनाभरानं एका दुपारी भंगारवाल्याचा निरोप आला. एका लॉटमध्ये बंद तोंडाची नळकांडी चुकून गेली आहेत, भट्टीत घालू नका. असं नळकांडं तापलं की फुटतं आणि वितळलेलं लोखंड माणसांच्या अंगावर उडतं. प्रोग्रामनं लॉट नंबर वाचला, दत्तूच्या फौंड्रीचा पत्ता काढला, निरोप सोडला. हिरवी खूण आली.

"पोचला," मी म्हणालो.

"कुणाला?" अण्णांनी विचारलं.

मी तक्ता उघडला. त्या फौंड्रीनं आपला संगणक जयसिंगपूरच्या ऑफिसातून शिरोलीच्या कारखान्यात हलवला होता. मला तसं कळवलंही होतं. तक्त्यातली एक ओळ. उद्या करू म्हणून राहिलेली. जयसिंगपूरचं जुनं यंत्र कुणी बंद केलं नव्हतं. कुलूपबंद खोलीत बसून ते माझे निरोप घेत होतं आणि इमानदारीनं पोच देत होतं.

ओळ आता बदलून निरोप पुन्हा सोडला तरी तो तिथं लगेच कुणी वाचेल, याचा भरवसा नव्हता. मी हे बोललो नाही. "एकदा फोन करून बघूया," एवढंच म्हणालो. आमच्या फोनला कुलूप, किल्ली साहेबांच्या खिशात आणि साहेब बाहेर. अण्णा खालच्या पीसीओवर धावले. घंटी वाजत राहिली. भट्टीच्या आवाजात ती कुणाला ऐकू जाणार?

"बस मागं!" त्यांनी आपल्या एम-एटी गाडीला किक मारली.

हायवेवर ट्रकांच्या मधून आम्ही निघालो. अण्णा कानडीत काहीतरी पुटपुटत होते. शिव्या की शिवाचं नाव, कळत नव्हतं. शिरोलीची धुराडी दिसली तशी मी त्यांत वेगळाच एखादा धूर उठलाय का ते शोधू लागलो.

"पास दावा," वॉचमन म्हणाला.

अण्णांनी गेटला दोन थापा मारल्या, पोस्टाच्या पेटीला मारत तशाच, आणि ओरडले, "दत्तूऽऽ! पोचला न्हवं?"

काजळी माखलेला एक बुटका माणूस आतून धावत आला. "मगदूमसाहेब?"

"नवं भंगार टाकलंस काय भट्टीत?"

"न्हाई अजून. आत्ताच क्रेन लावलीया."

"थांबीव ती!"

दत्तू शिट्टी फुंकत आत पळाला. मी गेटपाशीच खाली बसलो. थोड्या वेळानं तो परत आला आणि अण्णांचा हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

"महिनाभर फोन न्हाई तुमचा. रोज बोलणारा माणूस एकदम गप. अक्का गेल्यापासनं घरात एकटंच हायसा, म्हटलं तुमास्नी बी काय झालं का काय. लई भ्या वाटलं बघा."

अक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण. आईच्या माघारी तिनंच त्यांना वाढवलं होतं. फोनला कुलूप लागायच्या आधी अण्णांनी रजा घेतली होती खरी. कारण मी विचारलं नव्हतं.

परतताना मी त्यांच्या पाठीला सगळं सांगितलं. राहिलेली ओळही, आणि कुलुपाची कल्पना कुणाची होती तेही. वारा होता, ट्रक होते. त्यांना ऐकू गेलं की नाही, हे मी पुढं कधीच विचारलं नाही. धीर झाला नाही.

अण्णा आता शिरोळला असतात. हे छापून आलं की अंक त्यांना पाठवीन. आणि मग लगेच फोन करीन.