दूध सोसायटीचे केशवभाऊ

केशवभाऊंनी एकदा एसटीच्या खिडक्यांवर मतदान घेतलं. देवळीहून आम्ही वर्ध्याला निघालो होतो, धूळ आत येत होती आणि खिडक्या लावाव्यात असं त्यांना वाटत होतं. शेजाऱ्यांना सांगून दोन-चार लावून घेतल्या असत्या तर भागलं असतं. पण भाऊ उठले, टोपी नीट केली आणि साऱ्या बसला हात वर करायला सांगितलं. उन्हाळ्याचे दिवस, लोकांनी खिडक्या उघड्या ठेवायचा कौल दिला. वर्ध्यापर्यंत भाऊ समाधानानं धूळ खात बसले. मी चिडवलं, तर म्हणाले, "बहुमत हाय, बाप्पा."

ऐंशीच्या आसपासची ही गोष्ट. आमच्या गावच्या दूध सोसायटीचे ते अध्यक्ष, आणि मी पंचमंडळात. कुठल्याशा शिबिरात त्यांनी सहकाराची तत्त्वं ऐकली होती आणि तेव्हापासून गावाची सुटका नव्हती. त्यातली दोन त्यांनी पक्की धरली होती: सभासदत्व सगळ्यांना खुलं, आणि एका माणसाला एकच मत. गावच्या पाटलांकडे पंधरा म्हशी. ज्याचं दूध जास्त त्याला मतं जास्त असावीत, असं त्यांनी एकदा सुचवून पाहिलं. भाऊ म्हणाले, "मत म्हशीले नसते पाटील, मानसाले असते." पाटील महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

मग गीताबाईचा अर्ज आला. ती बौद्धपुऱ्यातली. नवरा वारलेला, दोन लेकी पदरात. मजुरी करकरून तिनं एक गाय घेतली होती. दूध सोसायटीत लागलं तर बारा महिने चूल पेटणार होती. बैठकीत पाटील म्हणाले, एका गाईसाठी सभासद कशाला करायचा? तिचं दूध आपल्या कॅनमध्ये नको, हे खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडानं कोणी बोललं नाही. आम्ही सहाजण हजर होतो. बाजूनं तीन हात, त्यात भाऊंचा एक. विरोधात तीन, त्यात माझा एक. माझ्या शेताचं ओलीत पाटलांच्या विहिरीच्या पाण्यावर होतं. आज सांगतानाही लाज वाटते.

बरोबरी झाली की अध्यक्षाला जास्तीचं मत देता येतं, तसा नियमच होता. सगळे भाऊंकडे पाहू लागले. "एका मानसाले दोन मतं नाई," एवढं म्हणून त्यांनी आठ दिवसांनी पुन्हा बैठक ठेवली. गीताबाई बाहेर ओट्यावर बसली होती. तिला त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. ती उठून निघून गेली, आणि स्वतः विरोधात हात वर केलेला मी उलट भाऊंवरच चिडलो.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या घरी आले. मी सरळ विचारलं, तुम्ही आणखी एक मत दिलं असतं तर बाई आत आली नसती का?

"माह्या मेहरबानीनं आली असती. तुमच्या मतानं आली त सभासद होईल."

मी विरोध केला याचा राग नाही आला का, असं विचारलं, तर हसले.

"इरोधाचा राग कायचा? तुमची वयनी होती त घरी रोज इरोध होये. म्या वांगं म्हनलं का ती भेंडी म्हने. आता तीन वर्सं झाले, म्या वांगं म्हनलं का वांगंच."

हसत सांगितलं खरं, पण पुढ्यातला चहा तसाच निवला.

पुढच्या बैठकीत मी बाजूनं हात वर केला आणि गीताबाई सभासद झाली. पाटलांनी पाणी तोडलं. त्या साली माझा गहू गेला, पण हात वर केल्याचा पस्तावा झाला नाही.

वार्षिक सभेत भाऊंनी त्यांचा लाडका ठराव मांडला: दूध पहाटे पाचला घ्यायचं. दरवर्षी तो चर्चेविना मंजूर व्हायचा. या वेळी मागून गीताबाई उठली.

"पाच वाजता बायाईले पानी भरा लागते. सहा करा."

आम्ही मतं मोजली. सहाच्या बाजूनं भरपूर हात होते, भाऊ सपशेल हरले. वहिनी गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. गीताबाई बिचारी घाबरून खाली बसत होती. भाऊ तिला म्हणाले, "पुढच्या ठरावाले बी इरोध असन त सांगजो, बाई."