चटणीच्या वासाचा पंचनामा

मोडनिंबच्या मुक्ताबाईनं सोलापुरात, नव्या पेठेत, शेंगदाण्याच्या चटणीचं दुकान घातलं. दसऱ्यापर्यंत जम बसला नाही तर दिराच्या घरी परतायचं आणि जन्मभर जावेच्या हाताखाली राबायचं, हे ठरलेलं होतं. पाटी रंगवावी तर पेठेत वाचणारे थोडे. म्हणून तिनं उखळच दारात आणलं आणि लसूण-तिखट घालून चटणी कुटायला बसली. मान वळवेल त्याच्या तळहातावर एक चिमूट. आठ दिवसांत दारात रीघ लागली.

नवव्या दिवशी जाहिरात-खात्याचे कारकून धोंडीराम आले. त्यांनी चिमूट चाखली, दुसरी मागितली आणि मग ते गंभीर झाले.

"बाई, सार्वजनिक रस्त्यावर तुमची विनापरवाना जाहिरात चालू आहे."

"कुटं? पाटी तर न्हाय की!"

"वास आहे. जाहिरातीची आकारणी फुटावर होते. वास मोजावा लागेल."

वास मोजण्यात आला. धोंडीराम नाक पुढं करून चालले, मागून दोन शिपाई फीत धरून. वास सराफांच्या दुकानांपर्यंत सरळ गेला, तिथं डावीकडं वळला आणि जाहिरात-खात्याच्या कचेरीत थेट साहेबांच्या टेबलापाशी संपला. वारा फिरल्यामुळं मोजणी तीनदा झाली. दर वेळी खात्रीसाठी नमुना लागे, आणि नुसती चटणी शास्त्रशुद्ध चाखता येत नाही म्हणून भाकरीही. मुक्ताबाई भाकऱ्या थापत राहिली.

अखेर साहेबांनी तोडगा काढला. 'सदर वास आम्हांस आला व त्यापासून त्रास झाला नाही,' असं पेठेतल्या पाच प्रतिष्ठितांनी सहीनिशी लिहून द्यावं, की परवाना.

मुक्ताबाईचा जीव भांड्यात पडला. निम्मी पेठ तर रोज तिच्यापुढं हात पसरत होती! ती आधी शेजारच्या कापडवाल्या शिवप्पाकडं गेली.

"चटणी लई झकास हाय," शिवप्पा म्हणाला, "पर सही कशाला? उद्या कचेरी माज्याच दुकानात शिरंल."

"शिवप्पानं केली की लगेच करतो, बाई," बांगडीवाले रहिमतुल्ला म्हणाले.

बाकीची पेठ रहिमतुल्लांच्या सहीसाठी थांबली. शेवटी कचेरीचा शिपाई दारोदार फिरला, तेव्हा मात्र सगळ्यांनी तत्परतेनं लिहून दिलं, 'आम्हांस कसलाही वास आला नाही.' मोजणीच्या दिवशी आपल्याला पडसं होतं, असं धोंडीरामांनीही जोडलं.

हुकूम निघाला : ज्या चटणीचा वास पेठेत कुणालाच येत नाही ती चटणी नव्हे, सबब ती चटणी म्हणून विकणे ही जनतेची फसवणूक होय. दुकान बंद करण्यात यावे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुक्ताबाई उखळ बैलगाडीत घालून मोडनिंबला निघाली. सगळी पेठ कडेला उभी राहून हळहळली, आणि कचेरीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं कचेरीला शिव्या घालत राहिली.

हे वाचून तुम्हालाही चीड आली असेल. उत्तम. खाली नाव-पत्ता लिहून सही करा आणि कचेरीत नेऊन द्या.

बसा, बसा. घाई नाही.