ओबडायाआजोबांची सामाईक जमीन

ट्रुसडेल साहेबांनी गुरुनाथ पालशेतकरला केबिनमध्ये बोलावून "दार लावून घे" म्हटलं, तेव्हा गुरुनाथने मनातल्या मनात घर आवरायला घेतलं. फ्रिज शेजारच्या केरळी कुटुंबाला द्यायचा, सोफा कुणी फुकटसुद्धा नेणार नाही, आणि स्वानंदी... स्वानंदीपाशी त्याचं आवरणं अडलं. पोरगी नुकतीच बारावीत गेलेली. दम्मामच्या भारतीय शाळेतून तिला ऐन वर्षात उपटून चिपळूणला नेऊन लावायची, तर ती रुजण्याआधी परीक्षा येणार.

भीती उगाच नव्हती. ते निताकातचं, म्हणजे 'सौदी माणसं कामावर घ्या' या सरकारी सक्तीचं, वर्ष होतं. सरकारने प्रत्येक कंपनीला रंग वाटले होते. सौदी माणसं पुरेशी असतील तर हिरवा, फारच कमी असतील तर लाल, आणि मध्ये लोंबकळणाऱ्यांना पिवळा. धाहरानच्या तेल कंपनीला बांधकामाच्या परांच्या पुरवणारी गुरुनाथची कंपनी पिवळ्यात होती, आणि पिवळ्या कंपनीतल्या जुन्या परदेशी माणसाचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, वाढवून मिळत नव्हता. गुरुनाथ तर स्वानंदी जन्मायच्या आधीपासून इथे जुना होत आलेला. त्याचा इकामा महिनाअखेर संपत होता.

हिशेब साधा होता. एक सौदी वाढवायचा, एक परदेशी घटवायचा, की कंपनी हिरवी. वाढवायचा तो वाढवून झाला होता. त्याचं नाव माजिद, आणि तो गुरुनाथच्याच टेबलाशेजारी बसून गुरुनाथचंच काम शिकत होता. वाईट हे, की तो भराभर शिकत होता. हजेरीचं जे काम गुरुनाथने इतकी वर्षं दिवसभर पुरवून पुरवून खाल्लं, ते माजिद दुपारच्या नमाजाआधी संपवून टाकी आणि वर विचारी, "अजून काही?" घटवायचा परदेशी कोण, ते तेवढं साहेब ठरवणार होते.

"गुरू," साहेब म्हणाले. पूर्ण नाव घ्यायला त्यांना दम लागे. "तुला जुने कागद वाचता येतात?"

"कुठल्या कंपनीचे, सर?"

"कंपनीचे नाहीत. माझ्या पूर्वजाचे."

पूर्वजाचं नाव ओबडाया ट्रुसडेल. सतराव्या शतकात इंग्लंडहून जहाजाने व्हर्जिनियाला आला आणि नदीकाठी जमीन मिळवून बसला, असं साहेबांच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आलेले. आता अमेरिकेत अशा आद्य जमीनदारांच्या वंशजांचं एक मंडळ होतं. निवृत्त झाल्यावर साहेबांना त्यात जायचं होतं. वर्षातून एकदा जेवण, कोटाला लावायला बिल्ला. फक्त ओबडायाची जमीन खरोखरच होती, याचा पुरावा पाहिजे होता.

"तुला हल्ली वेळ असतो," साहेब म्हणाले. हे त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं, म्हणून जास्त लागलं. "हे नीट कर. मग तुझ्या इकाम्याचं बघू."

"बघू" या शब्दावर गुरुनाथ तरंगत घरी आला.

"तीनशे वर्षांपूर्वीचे आजोबा कशाला हवेत हो त्यांना?" विभावरीने विचारलं.

"अगं, पणजोबाचे कागद माणूस कधी काढतो?"

"कधी?"

"हिस्सा मागायचा असला की!"

गुरुनाथचा अनुभव खोटा नव्हता. त्याच्या गावात निव्वळ प्रेमापोटी पणजोबाचं नाव आजवर कुणी विचारलेलं नव्हतं. विचारलं की समोरचा आधी दाराला कडी घाली आणि मग वकिलाला फोन लावी.

"पण ते तर बिल्ला म्हणाले ना?"

"म्हणणारच! हिस्सा मागायला आलेला मनुष्य तसं सांगतो का? आंबे द्यायला आलो म्हणतो."

दुसऱ्या दिवशी माजिदनेही चौकशी केली. सगळं ऐकून तो गालात हसला. "साहेबांच्या घरी लग्न निघालंय का?"

"लग्न? नाही. का?"

"आमच्याकडे आजोबांचे आजोबा विचारले, की समजायचं मुलीकडचे आलेत." मग त्याने बोटांवर आपले अकरा पूर्वज घडाघडा म्हणून दाखवले. "कागद कशाला लागतो? घरातल्या म्हाताऱ्याला विचारायचं."

"त्यांचा म्हातारा वारला."

"मग काकाला." माजिदला हा प्रश्नच कळेना.

गुरुनाथ कामाला लागला तो मात्र मनापासून. तिकडचं जुनं दफ्तर बरंचसं संगणकावर चढवलेलं होतं. जमीन दिल्याची सनद सापडली. करवसुलीच्या यादीत ओबडायाचं नाव सापडलं. अक्षर असं, की तलाठ्याचं त्यापुढे मोत्यासारखं वाटावं. आणि मग सापडलं मृत्युपत्र. पिसांची गादी थोरल्या मुलीला, तपकिरी गाय धाकट्याला, आणि "मी राहतो ती जमीन माझ्या सर्व मुलांत समान वाटावी."

गुरुनाथ खुर्चीत सरळ झाला. वाटावी, म्हटलेलं. वाटल्याचा कागद कुठे? तो शोधत गेला. वाटपपत्र नाही. विक्रीखत नाही. पुढे कधीतरी युद्धात कचेरीला आग लागून दफ्तर जळालं, अशी एक टीप तेवढी होती. गुरुनाथ तिच्याकडे बघून मंद हसला. दफ्तर जळालं, असं त्याच्या तालुक्यातही सांगत.

"विभा, वाटपच झालेलं नाही! सगळी जमीन अजून सामाईक आहे! विकल्याची नोंद नाही म्हणजे विकलेलीच नाही. साहेबांना आता फक्त बाकीच्या वारसांची संमती घ्यायची राहिली."

"त्यांनी सांगितलंय का तसं?"

"सगळंच सांगायला लागलं तर माणूस ठेवायचा कशाला? मी होऊन केलं तरच इकाम्याला वजन येणार ना!"

मग त्याने गावाकडच्या वर्तमानपत्रात रोज कोपऱ्यात येते तशी एक जाहीर नोटीस इंग्रजीत उतरवली. तमाम लोकांस कळविण्यात येते की, कैलासवासी ओबडाया ट्रुसडेल यांच्या मिळकतीवर त्यांचे वंशज श्री. हॅरल्ड ट्रुसडेल हे आपला हक्क कायम करीत असून, सदर मिळकतीत कोणाचाही खरेदी, गहाण, दान, वारसा, वहिवाट वा अन्नवस्त्राचा हक्क असल्यास चौदा दिवसांत खालील दूरध्वनीवर पुराव्यानिशी कळवावे, अन्यथा तसा हक्क नाही व असल्यास तो सोडून दिला आहे असे समजण्यात येईल. खाली साहेबांचा ऑफिसचा नंबर. त्याखाली 'करिता, जी. पालशेतकर' आणि त्याचा ईमेल.

स्वानंदीने ते वाचलं. "बाबा, दिस इज सो रूड! लोग पागल हो जाएँगे."

"अगं, ही पद्धत असते. कुणी वाचत नाही."

गावाकडे खरंच कुणी वाचत नसे. पण गुरुनाथने ती ट्रुसडेल वंशजांच्या संकेतस्थळावर टाकली, आणि तिथे रिकामपणी दुसरं काही वाचण्यासारखं नव्हतं.

अमेरिका उठते तेव्हा धाहरानला असरची, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजाची, वेळ झालेली असते. अजान संपली आणि फोन सुरू झाले. ओहायोचा एक दातांचा डॉक्टर. टेक्ससच्या दोन बहिणी, एकमेकींना कळू न देता वेगवेगळ्या. एक पाद्री, ज्यांना स्वतःला काही नको होतं, पण चर्चचं छप्पर गळत होतं. एकाने पुरावा म्हणून आपल्या कानांचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'ट्रुसडेल कान.' त्या काठावर आता गोल्फचं मैदान होतं, त्यांच्या वकिलाचंही पत्र आलं. परांच्या मागणारी खरी गिऱ्हाइकं बिचारी लाईन मिळेना म्हणून दुसरीकडे गेली.

फोन माजिद घेत होता आणि अतिशय मन लावून घेत होता. प्रत्येकाला बापाचं नाव, आजोबाचं नाव, पणजोबाचं नाव विचारून लिहून घेई. "या गुरू," तो रिसीव्हरवर हात ठेवून अरबी धाटणीत, म्हणजे 'अरे गुरू' अशा अर्थाने, म्हणाला, "मी साहेबांना एकटा जीव समजत होतो. केवढा मोठा कबिला! आणि सगळे भांडतायत. म्हणजे घराणं चांगलं दिसतं."

तेवढ्यात केबिनचं दार धाडकन उघडलं.

"गुरू! ओहायोचा एक दंतवैद्य मला चोर का म्हणतोय?"

"हरकत आली, सर," गुरुनाथ नम्रपणे म्हणाला. "हरकती येणं चांगलं. नोटीस पोचली असा अर्थ होतो."

साहेबांनी नोटीस मागितली. वाचली. पुन्हा वाचली. अन्नवस्त्राशी त्यांचा आवाज फाटला. "मी तुला बिल्ल्याचा पुरावा मागितला होता!"

"हो, सर. पण जमीन..."

"मला जमीन नको!"

गुरुनाथला हे वाक्य भाषा म्हणून कळलं, अर्थ म्हणून कळेना. "म्हणजे... अजिबातच नको, सर?"

"अरे, जमीन आहेच कुठे? नदीने पात्र बदललं त्याला शंभर वर्षं झाली. आता तिथे मासे आहेत!"

"त्याने काही बिघडत नाही, सर. आमची पण एक वाडी समुद्राने खाल्लेली आहे. चुलत्यांशी अजून चालू आहे."

साहेबांचा चेहरा पिवळ्यातून लालमध्ये गेला. "महिनाअखेर तुझा इकामा संपतोय ना? मी वाढवत नाही. तू जा घरी. खलास!" इतक्या वर्षांत साहेब हा एकच अरबी शब्द शिकले होते, पण वापरला योग्य जागी.

गुरुनाथ मनात वाक्य जुळवू लागला. स्वानंदीला काय सांगायचं? बाबांना नोटीस लिहायची हौस होती, म्हणून तू आता चिपळूणला चल? तो टेबलाची कड धरून उभा होता, तोच माजिदने हात वर केला.

"साहेब, मार्गारेट. सख्खी बहीण म्हणते. बापाचं नाव जुळतं."

ऑफिसातल्या सगळ्यांच्या माना वळल्या. आईच्या पियानोवरून साहेब आणि मार्गारेट एकमेकांशी बोलत नाहीत, हे चहावाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. साहेबांनी तिथेच, गुरुनाथच्या टेबलावर फोन घेतला.

"मार्गारेट, जमीन वगैरे काही नाही... ऐक तरी... थोरली म्हणून काय?... मी तुझ्या मागे कशाला करेन?... आत्ता कुठे आहेस?... कशात उभी आहेस?"

फोन ठेवला तेव्हा साहेब खुर्ची नसलेल्या जागी बसणार होते. माजिदने खुर्ची सरकवली.

"तिने पाटी रोवली," साहेब म्हणाले. "'ट्रुसडेल. खासगी मालमत्ता.' कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून. स्वतःच्या हाताने."

इकामा गेला, नोकरी गेली, हे सगळं गुरुनाथ त्या क्षणी विसरला. त्याचं गावाकडचं रक्त उसळलं. "हद्द तिने ठरवली, सर? एकटीने? तुम्हाला न बोलावता?"

"पियानोचंही असंच केलं होतं."

"मग आज पाण्यात पाटी, उद्या काठावर. सर, जागेवर नसलेल्याचा हिस्सा नदी खात नाही. शेजारचा हिस्सेदार खातो."

साहेबांनी पाण्याची बाटली जवळ ओढली. मग हळूच म्हणाले, "तुझं चुलत्यांशी कधीपासून चाललंय?"

"आजोबांपासून, सर."

"आणि तू असतोस इथे."

"म्हणून तर हरतोय."

पुढच्या आठवड्यात ट्रुसडेल साहेबांनी राजीनामा दिला. निवृत्तीला दोन वर्षं होती, पण तेवढ्यात मार्गारेट कुठवर सरकेल याचा नेम नव्हता. त्यांच्या पासपोर्टवर कायमचं जाण्याचा शिक्का बसला, आणि माजिदने कामगार खात्याच्या संकेतस्थळावर कंपनीचं खातं उघडून एक परदेशी कमी केला. साहेबही परदेशीच होते, हे इतके दिवस कुणाच्या हिशेबातच आलं नव्हतं. पडद्यावरची पिवळी पट्टी जरा थरथरली आणि हिरवी झाली.

"मबरूक, या गुरू," माजिदने अभिनंदन केलं आणि गुरुनाथचा इकामा वाढवायला टाकला. "अजून काही?"

दम्मामच्या विमानतळावर साहेबांनी गुरुनाथला मिठी मारली. बिल्ल्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. "तिला एक इंच नाही, गुरू."

"अर्धासुद्धा नाही, सर," गुरुनाथ म्हणाला आणि त्याचे डोळे पाणावले.

नवा इकामा हातात आला त्या शुक्रवारी विभावरीने पुरणपोळ्या केल्या. स्वानंदी क्लासला गेली होती. जेवण झाल्यावर गुरुनाथने ईमेल उघडला, तर मार्गारेटबाईंचं लांबलचक पत्र. नोटिशीखाली त्याचं नाव पाहून लिहिलेलं. आईचं शेवटचं आजारपण त्यांनीच काढलं, हॅरल्ड फुलं पाठवून मोकळा झाला. कुटुंबाच्या थडग्यांची निगा त्याच राखतात. आणि नदीच्या त्या वळणावर बाई लहानपणापासून दर उन्हाळ्यात मासे धरतात, आजवर कुणीही अडवलेलं नाही. नोटीस फार व्यवस्थित लिहिली होती, असं नोंदवून बाईंनी शेवटी विचारलं होतं की, आपण दुसऱ्या बाजूचंही काम घेता का?

गुरुनाथने पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला.

"काय म्हणते हो?" विभावरीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"मासे धरते म्हणते. दरवर्षी. विनाहरकत."

"मग?"

गुरुनाथने उठून बाहेरचं दार नीट लावलेलं आहे ना, ते पाहिलं. परत येऊन बसला आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, "खरं सांगू? वहिवाट बाईचीच आहे."

आणि त्याने कीबोर्ड जवळ ओढून टाईप करायला घेतलं, 'रिस्पेक्टेड मार्गारेट मॅडम...'