हिराजीकाका आणि आठशे सीसी

हिराजीकाकांना पत्ता विचारला की ते गिअर सांगतात. पनवेलमध्ये डोळ्यांचा डॉक्टर कुठे बसतो, एवढंच मी विचारलं होतं. "पूल चढताना तिसरा, उतरताना दुसरा. इंजिन गुरगुरायला लागलं का डाव्या बाजूला बघा, तोच डॉक्टर." मी रिक्षाने जाणार आहे म्हटल्यावर ते गंभीर झाले. "मग तुमाला नाय सापडाचा." आणि खरंच सापडला नाही.

करंजाड्याच्या आमच्या सोसायटीत काका माझे शेजारी. मूळचे उरणकडचे. जन्मभर बंदरात क्रेन चालवून खोलीएवढाले खोके अलगद उतरवले आणि रिटायर झाल्यावर ही आठशे सीसीची लाल गाडी घेतली. त्यांच्या भावकीत सगळ्यांकडे दांडग्या गाड्या. लग्नाकार्यात त्यांच्या रांगेत काकांची गाडी उभी राहिली की कुणाच्या तरी पिशवीतून पडल्यासारखी दिसते.

काकांना त्याचं काही नाही. गाडी किती जागेत वळते हे पाहायला ते पार्किंगमध्ये खडूने गोल आखतात. खडू अर्थातच माझ्याकडून नेतात, कारण मी शाळामास्तर. टायरमधली हवा ते पंपवाल्याच्या मीटरने मोजत नाहीत. खिशातून स्वतःचा काढतात. चढ आला की एसी बंद करतात आणि आम्हालाही. "आता कोन बोलू नका, चढ हाय." बोलण्याने पिकअप कसा कमी होतो, हे विचारायची सोय नसते, कारण तोवर चढ संपलेला नसतो. वर पोहोचलं की स्टिअरिंगवर थाप मारून म्हणतात, "गाडी सांगते, आपून ऐकाचं."

त्यांच्या मुलाला, प्रशांतला, मात्र काही ऐकायचं नव्हतं. त्याने नुकतीच मोठी गाडी घेतली होती आणि लाल गाडीला गिऱ्हाईकही बघितलं होतं. "पप्पा, रविवारी चारला माणूस येतोय. तुम्ही आता माझी गाडी वापरा." काकांनी वाद घातला नाही. फक्त एक अट घातली, "तुझी गाडी बायच्या दारात नेऊन दाखव. मग माझी वीक."

बाय म्हणजे काकांची थोरली बहीण, वेणूबाय. बेलपाड्याच्या जुन्या गावठाणात राहते. एके काळची नावाजलेली धवलारीण. तिने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्याशिवाय आसपासच्या गावांत लग्न लागत नसे. आता गुडघे गेलेत, गल्लीच्या तोंडापर्यंतही चालवत नाही.

रविवारी दुपारी प्रशांतची गाडी पुढे, आमची मागे. पंच म्हणून मी. गल्लीत तिसऱ्या घरापाशी प्रशांत एक जिना आणि एक पाण्याची टाकी यांच्यामध्ये अडकला. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून बायका सूचना देऊ लागल्या. एक म्हणे डावीकडे काप, दुसरी म्हणे उजवीकडे, तिसरीने टाकी कुणाची आहे ते सांगितलं. शेवटी आमची गाडी मागे घेऊन काका त्याच्या गाडीत बसले आणि एका दमात ती रिव्हर्सने बाहेर काढली. "गाडी चांगली हाय. गल्ली ल्हान हाय," एवढंच म्हणाले.

प्रशांत हटला नाही. "मग आत्याला खुर्चीत बसवून रोडपर्यंत आणू. चार माणसं लागतील फक्त." काकांचा चेहरा उतरला. लाल गाडी जाणार, हे मलाही कळून चुकलं आणि पंच असूनही मला वाईट वाटलं.

आम्ही तिघे लाल गाडीने आत गेलो. वेणूबाय फेरफटक्यासाठी नवं लुगडं नेसून उंबऱ्यात बसली होती. काकांनी गाडी अशी लावली की तिला फक्त एक पाऊल टाकावं लागलं. ती पुढे बसली. मागे प्रशांत गुडघे हनुवटीला लावून माझ्या शेजारी. मोकळ्या रस्त्याला लागल्यावर काकांनी सगळ्या काचा वर केल्या. वेणूबायने डोळे मिटले आणि ती गायला लागली.

आवाज थकलेला, वरच्या पट्टीत चिरकणारा, पण थांबत नव्हता. नवऱ्याचं नाव आलं, नवरीचं आलं, तिच्या आईबापाचं आलं. प्रशांत दचकला. "हे तर माझ्या लग्नाचं!"

"हा, तुझ्याच," काका आरशात न बघता म्हणाले. "तुझ्या हळदीला डीजे होता. बाय दोन दिस आधी येऊन बसलेली. कोनी तिला गायाला सांगितलंच नाय. आता घरात गायाला लाजते. हितं मी एकटाच आसतो, तर गाते. दर रविवारी."

इतकी वर्षं या माणसाला मी गाडीचा वेडा म्हणत होतो, याची मला लाज वाटली. प्रशांतचा फोन वाजला. गिऱ्हाईकाचा असावा. त्याने तो बंद करून खिशात घातला.

परतताना बेलपाड्याचं वळण आलं. काकांनी इंडिकेटर दिला. प्रशांत पुढे वाकला आणि हळूच म्हणाला, "पप्पा, सरळ घ्या. आत्याचं अजून संपलं नाही."