आठ, अकरा, सतरा

मानपाड्याच्या त्या रंगांच्या कारखान्यात दुपारचे साडेबारा वाजले होते आणि एकशे वीस पिंपं बिनलेबलाची उभी होती. लेबलाशिवाय ट्रक फाटकाबाहेर पडणार नव्हता आणि दोनपर्यंत निघाला नाही तर बंदरावर जहाज चुकणार होतं. क्षिप्रा ही इथली एकुलती एक प्रोग्रॅमर. तिची नोकरी कायम करण्याचं पत्र सलिलसाहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडलं होतं.

सकाळी तिने मुख्य ऑफिसच्या हुकमावरून प्रोग्रॅमची भाषा, म्हणजे जावा, आठव्या आवृत्तीवरून सतराव्यावर नेली होती. डेटाबेसशी बोलणारा भाग खूश झाला. लेबलं छापणाऱ्या भागाने मात्र मान टाकली.

"मग परत आठ कर ना!" साहेब ओरडले.

"केलं सर. लेबलवाला उठला, तर डेटाबेसवाला बसला. त्याला सतराच लागतं. त्याचं जुनं व्हर्जन मुख्य ऑफिसने सकाळीच बंद केलंय."

"मग मधलं काहीतरी घे. तडजोड कर."

क्षिप्राने अकरा घेतलं. दोघेही बसले. साहेबांच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती, तडजोडीचं काय होतं हे त्यांना ठाऊक असायला हवं होतं. त्यांनी ते पत्र खणात टाकलं. क्षिप्राला रडू यायचंच बाकी होतं.

लेबलांचा भाग लिहिला होता विश्रामकाकांनी. ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि मूळ कोड ऑफिसात कुठेच नव्हता. एक वाजता तिने त्यांना ठाकुर्लीला फोन लावला.

"अगं, सतरासाठीचं मी तेव्हाच करून ठेवलंय," काका शांतपणे म्हणाले. "पण सलिल म्हणाला, चाललंय ना, मग हात लावू नका. म्हणून जाताना पेनड्राइव्ह आपल्या पोपटकडे दिला. म्हटलं, जिवापाड जप."

पोपटमामा ऑफिसचे शिपाई. क्षिप्रा धावतच त्यांच्याकडे गेली.

"आहे ना मॅडम! रोज पुजतो मी त्याला."

ऑफिसच्या देव्हाऱ्यात, गणपतीच्या पायाशी, हळदीकुंकवाने लडबडलेली एक वस्तू होती. क्षिप्रा रोज तिच्या पाया पडायची. ती सुपारी असावी असा तिचा समज होता.

पेनड्राइव्हच्या तोंडात दोन वर्षांचं कुंकू गच्च बसलं होतं. टाचणीने कोरून तिने तो लावला. काहीच नाही. पुन्हा कोरला, पुन्हा लावला. सव्वा झाला. तिसऱ्यांदा बारीकसा दिवा लुकलुकला आणि पडद्यावर एक फोल्डर आलं: 'सतरासाठी'.

एक पंचवीसला पहिलं लेबल बाहेर पडलं. साहेबांसकट सगळे चिकटवायला धावले. दोनला तीन मिनिटं कमी असताना ट्रक फाटकाबाहेर गेला.

साहेबांनी खणातून पत्र काढून सही केली, मग घसा खाकरला. "हा पेनड्राइव्ह आजपासून कपाटात. कुलूप लावून."

"नको साहेब," पोपटमामा म्हणाले. "कपाटात ठेवलेलं ह्या ऑफिसात कधी सापडलंय?"

क्षिप्राने आजच्या सगळ्या कोडची प्रत एका नव्या पेनड्राइव्हवर घेतली आणि ती देव्हाऱ्यापाशी आली.

"मामा, हा पण ठेवा," ती म्हणाली. "फक्त कुंकू टोपणावर लावा."