रडारवर न येणारी नर्सबाई

साहेब, तुम्ही एक अख्खी नर्सबाई गायब केली आहे, आणि काम इतकं सफाईदार झालं आहे की विलायतेच्या विमानवाल्यांनी तुमच्या कचेरीत शिकवणीला यावं.

रडारपासून लपणं ही थोर विद्या आहे. लोटन मिस्तरी लढाईत तीन वर्षं रडारच्या यंत्रावर होता, म्हणून त्याला ती ठाऊक. यंत्र लहर सोडतं, लहर विमानावर आपटून परत येते, विमान सापडतं. म्हणून शहाण्या विमानानं लहर परत जाऊच देऊ नये. अंग तिरपं करून भलतीकडे उडवावी, नाहीतर लेपात जिरवावी. अगदीच गळ्याशी आलं, तर चांदीच्या कागदाच्या पट्ट्या आभाळात उधळाव्या. यंत्राला हजार विमानं दिसतात, खरं तेवढं दिसत नाही.

१९५४ साली शिंदखेड्याजवळच्या त्याच्या गावाला दवाखाना मंजूर झाला. नर्सबाई नेमली गेली आणि आली नाही. लोटनच्या सुनेला, सुनंदाला, सातवा लागला होता. त्यानं अर्ज सोडला. तो तिरपा होऊन दुसऱ्या खात्यात गेला. दुसरा टेबलात जिरला. तिसऱ्यावर सोळा छापील नमुने आले (प्रत्येकी तीन प्रतींत भरावे).

चौथ्याची लहर मात्र परत आली: "आपल्या गावच्या आभारपत्रावरून नर्सबाई हजर असल्याचे सिद्ध होते. सबब तक्रार निकाली."

आभारपत्र खरंच होतं. येणाऱ्या माणसाचं मन आधीच राखावं, म्हणून नेमणुकीची बातमी कळताच गावानं ते आगाऊ धाडलं होतं. खाली बासष्ट अंगठे. मजकूर लोटनचा ("बाईंच्या सेवेने गाव धन्य झाले").

नववा लागला तेव्हा बायकोनं, बेबाबाईनं विचारलं, "आयकतस का, नर्सबाई कोठे शे?"

"कागदवर शे."

"मंग त्या कागदलेच बलावा. तोच बाळतपण करी."

शिंदखेड्याच्या दवाखान्यात नेताना, दोन कोस राहिले असताना सुनंदा बैलगाडीतच बाळंत झाली. नाळ बेबाबाईनं कापली. मुलगी जगली. सुनंदा शिंदखेड्याला पोचली नाही.

कचेरीत नोंद झाली: "प्रसूती नर्सबाईंच्या देखरेखीखाली." महिन्यानं लोटनला स्मरणपत्र आलं, की या खेपेचं आभारपत्र अद्याप पोचलेलं नाही.

त्यानं उलट टपाली एकच ओळ लिहिली आणि चावडीवर सगळ्यांपुढे वाचून दाखवली. बासष्ट जणांनी माना खाली घातल्या. साहेबांकडून उत्तर नाही. वाचकहो, न आलेल्या गोष्टीचे आभार तुम्हीही कुठंतरी मानून आला आहात, तेव्हा त्या ओळीचं उत्तर तुम्ही तरी द्या:

नर्सबाई दिसायला कशी आहे?